बाहत्तरच्या दुष्काळी कामांची नोंद विद्यापीठानं घ्यावी

प्रति,
मा. कुलगुरू आणि कार्यकारी परिषदेचे सन्माननीय सदस्य,
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी

विषय: १९७२-७३च्या दुष्काळी कामांची पाहणी आणि त्या कामांवर राबलेल्या माणसांच्या आठवणींचं संकलन करण्याबाबत

सन्माननीय महोदय,

आपलं विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. त्यानंतरचा पावसाळा कसा गेला, हे परभणीत कुणाला सांगायला नको. विद्यापीठाचा कारभार मांडला जात होता, त्याच महिन्यांत जिल्ह्यातली गावंच्या गावं टिकाव-फावडी घेऊन दुष्काळी कामावर निघाली होती. मराठवाड्याच्या शेतीसाठी सरकारी पैशातून एकाच काळात उभी राहिलेली ही दोन कामं आहेत. एकाची पन्नास वर्षं झाली आणि आपण सुवर्णमहोत्सवही पाहिला. दुसऱ्याची पन्नास वर्षं कधी आली आणि गेली, ते कळलंसुद्धा नाही.

मी आपल्याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. या पत्रातून एकच मागणी करायची आहे. परभणी आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्या दुष्काळात मजुरांच्या हातांनी जे काही बांधलं गेलं, त्याची गाववार नोंद विद्यापीठानं करावी. काय बांधलं, कुणी बांधलं, आज ते कोणत्या अवस्थेत आहे, आणि शेतीला त्याचा काय उपयोग झाला किंवा झाला नाही, हे सगळं त्या नोंदीत यावं.

आजच्या विद्यार्थ्यांना आकडे सांगितले तरी ते पटकन खरे वाटत नाहीत. १९७१च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटी चार लाख होती. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर हजर असलेल्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. म्हणजे पाळण्यातली पोरं आणि खाटेवरची म्हातारी माणसं धरूनसुद्धा राज्यातला दर दहावा माणूस त्या महिन्यात सरकारी कामावर माती उपसत होता, खडी फोडत होता. त्यात बायकांची संख्या फार मोठी होती. ज्या घरातली बाई तोवर स्वतःच्या शेताखेरीज कुठं कामाला गेली नव्हती, त्या घरातली बाईसुद्धा डोक्यावर पाटी घेऊन उभी राहिली. जमीनदाराची सून आणि त्याच्याच शेतात राबणारी मजूर बाई एका रांगेत होत्या, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका आजही आवर्जून सांगतात.

माझी आई त्या रांगेत होती. तिच्याकडून मी चौकडीचं माप ऐकलं आहे. ठरलेल्या लांबी-रुंदीचा आणि ठरलेल्या खोलीचा खड्डा म्हणजे चौकडी. खणताना मधोमध मातीचा एक उंचवटा तसाच राखायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते मोजणाऱ्याला दिसतं. आठवड्याच्या शेवटी मोजणी व्हायची. माती कडक लागली, खाली दगड लागला, तरी माप तेच. खोली वीतभर कमी भरली की पैसे कापले जात. म्हणून काही जण तो उंचवटाच वरून माती थापून वाढवत, आणि मुकादम त्याला काठीनं टोचून बघे. ही बारकाई कुठल्याही अहवालात सापडणार नाही. ती फक्त ज्यांनी चौकड्या मारल्या त्यांनाच ठाऊक आहे. कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, पदरात बांधून पोरांसाठी घरी आणणं, रेशनवरच्या परदेशी तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापताना त्या तुटणं, टँकर येईपर्यंत उन्हात बसून राहणं, हेही तसंच.

त्या कामांतून शेतीला मिळालेली सगळ्यात मोठी देणगी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी तळ्यांच्या आधी रस्त्यांचं नाव घेईन. परभणीची काळी माती आपल्याला वेगळी सांगायला नको. दोन पाऊस झाले की बैलगाडीचं चाक कण्यापर्यंत रुतायचं, चप्पल हातात घ्यावी लागायची, आणि गाव चार महिने जगापासून तुटायचं. आजारी माणसाला बाजेवर घालून चार खांद्यांवर न्यायचे. मुरूम टाकून, खडी अंथरून उंच केलेला रस्ता पहिल्यांदा झाला तो अनेक गावांत दुष्काळी कामातून. पुढं त्यावर डांबर आलं, एसटी आली, शिक्षक मुक्कामाला राहण्याऐवजी रोज ये-जा करू लागले, कापसाची गाडी भर पावसाळ्यातही निघू लागली. परभणी क्रांती भेंडी किंवा परभणी मोती ज्वारीचं बियाणं विद्यापीठातून ज्या बांधांपर्यंत पोचलं, त्यांतल्या कितीतरी बांधांपर्यंत जाणारी वाट याच मजुरांनी केलेली आहे. आज त्या रस्त्याच्या कडेला फलक असतो तो शेवटचं डांबर टाकणाऱ्या योजनेचा. खालचा मुरूम कुणी वाहिला, ते कुठंच लिहिलेलं नाही.

पाझर तलावांची कथा जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिथंच विद्यापीठाची खरी गरज आहे.

पाझर तलाव पाणी साठवून पाटानं देण्यासाठी नसतो. अडवलेलं पाणी खाली मुरूम आणि फुटक्या कातळातून झिरपावं, आणि खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा आधार मिळावा, यासाठी तो असतो. त्याचा बांध मातीचा. गाभ्यात चिकण काळी माती, ती थराथरानं पसरून, पाणी शिंपून धुम्मसानं ठोकलेली. बाहेरून मुरमाचं आवरण, पाण्याच्या बाजूला हातानं बसवलेले दगड आणि एका टोकाला जादा पाणी निघून जाण्यासाठी सांडवा. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात जिथं मुरूम वर आहे तिथं अशा जागा मिळतात. खाली गोदावरीच्या काठाकडं काळ्या मातीचा थर इतका जाड आहे की पाणी मुरायला मुरूमच हाताशी लागत नाही.

आता पन्नास वर्षांत काय झालं असेल, हे मृद व जलसंधारण शिकवणाऱ्या कुणालाही सांगता येईल. वरच्या पाणलोटात बांधबंदिस्ती झाली नसेल तर दर पावसाळ्यात शेतातली काळी माती वाहून तलावात येते. ती तळाशी बसते, आणि मग तिचा थर पाझर बंद करतो. तलावात पाणी दिसतं, लोक समाधानी असतात, पण खालची विहीर जानेवारीत तळ गाठते. म्हणजे तलाव उभा आहे आणि त्याचं काम थांबलेलं आहे. उन्हाळ्यात अशा एका कोरड्या तलावात उतरून मी भेग पडलेल्या गाळात पहार घातली. पहार हाताच्या कोपरापर्यंत गेली तरी गाळच लागत होता. बांधावर मात्र दगड जिथल्या तिथं होते, एकसुद्धा ढळलेला नव्हता. ते दगड ज्यांनी बसवले त्यांचं काम पन्नास पावसाळे टिकलं. त्यानंतरची देखभाल मात्र झाली नाही.

तो गाळ काढून शेतात टाकला तर दुहेरी फायदा आहे, आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना त्यासाठीच २०१७ साली आली. पण कोणत्या तलावात किती गाळ आहे, तो काढल्यावर खाली मुरूम उघडा पडेल की कातळ, तो गाळ हलक्या रानात टाकण्याजोगा आहे की चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेला, हे कोण सांगणार? अनेकदा हा निर्णय जेसीबी कुठं पोचू शकतो यावर ठरतो. आपल्याकडं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मृदाशास्त्राचा विभाग आहे, माती तपासणीची प्रयोगशाळा आहे, कोरडवाहू शेती संशोधनाचा प्रकल्प आहे. हे सगळं एका गावाच्या शिवारात एकत्र उतरवायला जुना पाझर तलाव ही उत्तम जागा आहे.

या कामांना दया म्हणून पाहण्याची सवय आपल्या शहरांना लागली आहे. तिला उत्तर आपल्याच राज्याच्या कायद्यात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली. मागेल त्याला काम मिळेल, ही त्यामागची भूमिका. दुष्काळ ओसरल्यावर ती गुंडाळून ठेवली गेली नाही. १९७७ साली विधिमंडळानं रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता, कामाच्या मापावर दर आणि तो बाई-पुरुषांना सारखाच. केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ साली आला, त्यामागं महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. बाहत्तरला खडीवर बसलेल्या माणसांनी जे सोसलं, ज्यासाठी मोर्चे काढले, त्यातून देशाला एक हक्क मिळाला.

या हक्काचा विद्यापीठाशी थेट संबंध आहे, आणि तो दर महिन्याच्या पगारपत्रकात छापलेला असतो. व्यवसाय कर या नावाखाली जे दोनशे रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत तीनशे, तो कर १९७५ साली रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी सुरू झाला. शहरातल्या पगारदारानं, व्यापाऱ्यानं, डॉक्टर-वकिलानं खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी वाटा उचलावा आणि राज्यानं तेवढीच भर त्यात घालावी, असा तो करार होता. परभणीसारख्या नोकरदारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गावात हा कर हजारो घरांतून जातो. पण तो कशासाठी सुरू झाला हे माझ्या वर्गातल्या मुलांना माहीत नव्हतं, आणि मलाही नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावरच ते वाचायला मिळालं. ज्या प्राध्यापकानं आयुष्यभर हा कर भरला आणि ज्या मजुरानं त्यातून तलाव खणला, त्यांची गाठ कधी पडली नाही. ती घालून देणं विद्यापीठाच्या हातात आहे.

ही कामं निर्दोष होती असं मी म्हणत नाही. नोंद करायची तर दोषांसकट करावी लागेल. खडी फोडण्याची कितीतरी कामं अशी होती की खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं पडून राहिले आणि त्यांवर गवत उगवलं. माणसाला काम द्यायचं होतं, खडी कुठं लागणार आहे याचा विचार झाला नव्हता. तलावाच्या जागा घाईत ठरल्या, काही ठिकाणी भूगर्भापेक्षा गावातल्या वजनदार माणसाची विहीर बघून ठरल्या. ज्यांची जमीन तलावात गेली त्या शेतकऱ्यांना मोबदल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, आणि त्यांच्यातले बहुतेक छोटे शेतकरी होते. पुढं रोजगार हमीत खोट्या मस्टरच्या, म्हणजे हजेरीपत्रकांच्या, तक्रारी गाजल्या. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थतज्ज्ञ सुलभा ब्रह्मे यांनी १९७२च्या दुष्काळाचा अभ्यास केला तेव्हा त्यांनी सिंचनाच्या नियोजनाचा प्रश्न समोर ठेवला. तो रोख मला आजही योग्य वाटतो. माणसं पन्नास लाख होती, कामाची इच्छा होती, पैसा होता. पाणलोटाचा आराखडा आधीपासून तयार असता तर त्याच घामातून आज कितीतरी जास्त पाणी उभं असतं. पण हा निष्कर्षसुद्धा गावागावांत जाऊन तपासला पाहिजे. कुठला तलाव चुकला आणि कुठला साधला, हे समजल्याशिवाय पुढच्या दुष्काळासाठी आराखडा कसा करणार? मराठवाड्यात पुढचा दुष्काळ येणार की नाही, असा प्रश्न इथं कुणी विचारत नाही.

हे सगळं करायला नवा विभाग, नवी इमारत लागणार नाही. आपले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून दरवर्षी गावांत मुक्कामाला जातात. देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीच्या रंगांनी गावाचा नकाशा काढतात. हिरवी रांगोळी म्हणजे शेतं, निळी म्हणजे पाणी. मीही तो काढला आहे. निळा ठिपका टाकून पुढं जाण्याची आम्हाला सवय होती. भोवती जमलेल्या म्हाताऱ्यांना तिथंच एक प्रश्न विचारला असता, की हे तळं कुणी बांधलं, तर अर्धं गाव बोलायला लागलं असतं, आणि बोलणाऱ्यांत बायका पुढं असत्या. आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात मोबाइल आहे. आवाज ध्वनिमुद्रित करता येतो, तलावाची जागा नकाशावर नोंदवता येते, सांडव्याचा फोटो काढता येतो. कार्यानुभवाच्या अहवालात या कामाला एक प्रकरण आणि थोडे गुण द्यावेत, म्हणजे मुलं ते मन लावून करतील. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरंही अशाच एखाद्या तलावावर घेता येतील.

विद्यार्थ्यांनी आणलेल्या माहितीच्या आधारे अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी काही तलाव निवडून गाळाची खोली आणि खालच्या विहिरींची पातळी दोन-तीन वर्षं मोजावी. पाण्याची ही मोजदाद सलग झाली तरच तिला अर्थ आहे. एका पावसाळ्याच्या आकड्यावरून कुणी शहाणपण सांगू नये. जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील आणि जिल्हा परिषदेच्या अभिलेख कक्षांत त्या काळची मस्टर्स, अंदाजपत्रकं, मोजमाप पुस्तकं जी काही शिल्लक असतील, ती पाहू देण्याची विनंती कुलगुरूंच्या सहीनं गेली तर तिला वजन येईल. माझ्यासारख्याच्या अर्जाला काय उत्तर येतं, ते आपण जाणता. त्या मस्टरवर नावापुढं उमटलेले अंगठे हा मराठवाड्याच्या शेतीच्या इतिहासाचा अस्सल पुरावा आहे, आणि तो वाळवीच्या तोंडी जाता कामा नये.

एक मागणी मी मुद्दाम वेगळी ठेवतो. ज्या गावांत मजुरांची नावं मिळतील, तिथं तलावाच्या बांधावर ती नावं लिहिलेला साधा दगडी फलक लावावा. त्यावर कुठल्या पुढाऱ्याचं नाव नको, उद्घाटनाची तारीख नको. काम कोणत्या वर्षी झालं आणि ते कुणी केलं, एवढंच असावं. ज्या घरांत लिहिता-वाचता येणारं पहिलं माणूस त्या दुष्काळानंतर जन्माला आलं, त्या घरातल्या नातवंडांना आपल्या आजीचं नाव दगडावर वाचायला मिळेल.

वसंतराव नाईक त्या दुष्काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्या काळात उभी राहिली, आणि दुष्काळी कामांचा हा प्रचंड पसाराही त्यांच्याच काळात उभा राहिला. २०१३ साली त्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला मिळालं. १ जुलैला त्यांच्या जयंतीचा कृषी दिन आपण साजरा करता. त्या दिवशी विद्यापीठाच्या व्यासपीठावर प्रगतिशील शेतकऱ्यांच्या बरोबरीनं बाहत्तरला कामावर गेलेल्या काही म्हाताऱ्या माणसांना बोलवावं. त्यांना शाल-श्रीफळ दिलंत तरी चालेल, पण माइक आधी द्यावा.

वेळ फार थोडा आहे. त्या वर्षी वीस वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरी ओलांडून पुढं गेली आहे. जे तेव्हा तिशीत होते, त्यांच्यातले फार थोडे उरले आहेत. माझ्या गावात गेल्या काही वर्षांत त्या कामावरचे मुकादम गेले, मस्टर लिहिणारे गुरुजी गेले. कोणत्या चौकडीला पाणी लागलं होतं आणि बांधाच्या कोणत्या भागात दगड कमी पडला म्हणून माती भरली, हे सांगणारं आता माझ्या आईसारखं एखाद-दुसरं माणूस आहे. बांध फुटण्याचा धोका कुठं आहे, तेही त्याच माहितीत दडलेलं असतं.

पावसाळा सुरू झाला की कृषिदूत आणि कृषिकन्यांची पुढची तुकडी गावांत जाईल. त्यांच्या हातात जी प्रश्नावली दिली जाते तिच्यात या विषयाचे प्रश्न घालण्याचा निर्णय त्याआधीच्या बैठकीत व्हावा, अशी माझी विनंती आहे. प्रश्नांचा कच्चा मसुदा मी तयार केला आहे. संबंधित विभागाला तो केव्हाही आणून देईन, आणि माझ्या तालुक्यातल्या गावांत मुलांबरोबर फिरायलाही येईन.

आपला विश्वासू,
विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी